पाऊण तास, दार लावून

जोडीदाराचा मृत्यू १०० गुण. घटस्फोट ७३. नोकरी जाणे ४७, निवृत्ती ४५, मुलगा किंवा मुलगी घर सोडून जाणे २९. सासरच्या माणसांशी खटके उडत असतील तर २९, साहेबाशी उडत असतील तर मात्र २३ च! टॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ बदलांची ही गुणपत्रिका प्रसिद्ध केली. गंमत अशी की, तिच्यात लग्नालाही ५० गुण आहेत आणि सुट्टीवर जाण्याला १३. बदल हवाहवासा असला तरी त्याच्याशी जुळवून घेताना माणूस दमतोच, हे त्यामागचे गृहीतक.

ऑनलाइन समुपदेशनाकडे वळणाऱ्यांत अशा बदलांच्या तडाख्यात सापडलेले बरेच जण असतात. बँकेतून निवृत्त झालेले आणि सकाळी दहानंतर काय करायचे हे न कळणारे गृहस्थ, मुलगा टोरांटोला गेल्यावर घर खायला उठते म्हणणारी आई, बदली होऊन हैदराबादला एकटी राहणारी अभियंता. यांना मोठा मानसिक आजार असेलच असे नाही. झोप उडालेली असते, चिडचिड वाढलेली असते, कामात लक्ष लागत नसते. हा त्रास बराच वाढला आणि रोजचे व्यवहार अडू लागले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याला समायोजनाचा विकार म्हटले आहे. ताणाची घटना घडल्यावर साधारण महिन्याभरात तो सुरू होतो आणि ताण सरल्यावर बहुधा सहा महिन्यांत ओसरतो. थोडक्या बैठकांच्या समुपदेशनाला हे क्षेत्र चांगले मानवते.

दुरून मन हलके करण्याची कल्पना मात्र स्मार्टफोनची देणगी नव्हे. लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने १९५३ मध्ये आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्यांसाठी फोनसेवा सुरू केली. तीच पुढे ‘समॅरिटन्स’ झाली. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या मनोचिकित्सा संस्थेने १९५९ मध्ये दुतर्फा दूरचित्रवाणीवरून गटोपचार करून पाहिले. आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती आत्मसात केली, ती न्यूयॉर्कशी तीन दशकांहून अधिक काळ चालवलेल्या पत्रव्यवहारातून. तो अर्थात गुरुशिष्यांचा संवाद होता, उपचार नव्हे. तरी मनाविषयीचे इतके बारीक काम टपालाने होऊ शकले, ही गोष्ट व्हिडिओ कॉलवर नाक मुरडणाऱ्यांनी जरूर ध्यानात घ्यावी.

एलिस यांच्या मांडणीतच होम्स-राहे यांच्या गुणपत्रिकेची मर्यादाही दिसते. निवृत्तीला सरसकट ४५ गुण देता येत नाहीत. ‘आता मला कोण विचारणार’ असे स्वतःला बजावणारा आणि ‘सुटलो एकदाचा’ म्हणणारा, यांची निवृत्ती एकच नसते. घटना आणि आपल्याला होणारा त्रास यांच्यामध्ये आपला दृष्टिकोन उभा असतो. समुपदेशक काम करतो ते त्या मधल्या जागेवर. म्हणून ‘सर, मी काय करू ते सांगा’ या प्रश्नाला तो सहसा थेट उत्तर देत नाही. उलट विचारतो, मुलाचा फोन आला नाही तेव्हा मनात नेमके कोणते वाक्य आले? पुढच्या आठवड्यापर्यंत अशी वाक्ये वहीत लिहून आणायला सांगतो. हा गृहपाठ टाळणाऱ्याला पडद्यावर काय आणि समोरासमोर काय, फरक पडणे अवघडच.

मग पडद्याने काही बिघडत नाही का? स्वीडनमधल्या पेर कार्लब्रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २० अभ्यास एकत्र तपासले. विचार-वर्तन उपचार इंटरनेटवरून दिले आणि प्रत्यक्ष भेटीत दिले, तरी परिणाम जवळपास सारखे आढळले. यातले बरेचसे उपचार लेखी पाठ आणि त्यावर तज्ज्ञाचे मार्गदर्शन अशा स्वरूपाचे होते, सगळे व्हिडिओवरचे नव्हते. तेव्हा या निष्कर्षाची जाहिरात करणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. पायाची अस्वस्थ हालचाल, दारूचा वास या गोष्टी पडद्यावर सुटतात, हेही खरे. पण अकोल्याहून किंवा सावंतवाडीहून तज्ज्ञापर्यंत पोहोचायचे तर अर्धा-एक दिवस मोडतो, आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक विकारांसाठी ७० टक्क्यांहून अधिक लोक उपचारांबाहेर आढळले होते. तिथे पडद्याची त्रुटी परवडते.

खरी अडचण घरात आहे. वन बीएचकेमध्ये सासू, दोन मुले आणि घरून काम करणारा नवरा असताना सुनेने पाऊण तास दार लावून कुणाशी बोलायचे? आणि बोलायचे ते बहुधा त्याच माणसांविषयी. म्हणून कुणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसते, कुणी गच्ची गाठते, कुणी ऑफिसची मीटिंग रूम अडवते. चांगला समुपदेशक पहिल्याच सेशनला विचारतो: तुम्ही आत्ता कुठे आहात, शेजारी कुणी आहे का, कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर फोन करू, तातडीची वेळ आली तर कुणाला कळवायचे? पत्ता विचारला म्हणून बिचकू नये. न विचारणाऱ्याविषयीच शंका घ्यावी. हेडफोन लावले की निदान समोरच्याचे प्रश्न भिंतीपलीकडे जात नाहीत.

गुपित फुटण्याची दुसरी वाट तंत्रज्ञानातून जाते. फिनलंडमधल्या ‘वास्तामो’ या मानसोपचार केंद्राच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये हजारो रुग्णांना खंडणीचे ईमेल आले: पैसे द्या, नाहीतर तुमच्या सेशनमधली टिपणे जाहीर करू. आरोपीला २०२४ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. ‘बेटरहेल्प’ या बड्या अमेरिकी सेवेवर ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांना पुरवल्याचा आरोप तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलरवर तडजोड झाली. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तरीही सेशन रेकॉर्ड होते का, टिपणे कुठे राहतात, हे तोंडाने विचारून घेतलेले बरे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न, समोर बसले आहे कोण? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि तो क्रमांक पडताळता येतो. ‘काउन्सेलर’, ‘लाइफ कोच’ या पाट्या मात्र दोन आठवड्यांचा कोर्स केलेलाही लावतो. इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर ही पदवी नव्हे. शिक्षण कुठे झाले, कुणाच्या देखरेखीखाली काम केले, हे विचारण्यात संकोच कसला? आपण फ्रिज घेताना याहून जास्त प्रश्न विचारतो. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार मानसशास्त्रज्ञाला नसतो, ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरचे काम. ‘तीन सेशनमध्ये खात्रीने बरे करतो’ म्हणणाऱ्याला तर दुरूनच नमस्कार करावा. परदेशातल्या मराठी माणसांना आणखी एक पेच असतो. अमेरिकेत परवाना राज्यागणिक मिळतो. त्यामुळे न्यू जर्सीत बसून पुण्याच्या समुपदेशकाशी मराठीत बोलणे मनाला कितीही सोयीचे वाटले, तरी आधी तिथले नियम पाहावे लागतात.

काही वेळा मात्र ऑनलाइन सेशनची तारीख धरून बसूच नये. जीव देण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, घरात मारहाण होत असेल, तर त्या क्षणी जवळ माणूस हवा आणि गाठायला रुग्णालय किंवा पोलीस हवेत. अशा वेळी, आणि खासगी समुपदेशकाची फी झेपत नसेल तेव्हाही, केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६. फोन चोवीस तास लागतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.