पुलाला धडक ट्रकची, खोळंबा रेल्वेचा
रूळ शाबूत दिसत असतानाही गाडी का थांबविली जाते?

प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

रेल्वे पुलाखाली ट्रक अडकला की रस्त्यावर लागलेल्या रांगा सर्वांनाच दिसतात. मात्र त्याच वेळी पुलावरून जाणारी गाडी अलीकडच्या स्थानकात का रोखून धरली जाते, याचा उलगडा डब्यात बसलेल्या प्रवाशाला क्वचितच होतो. पूल जागेवर आहे, रूळही शाबूत दिसतात, मग हा खोळंबा कशासाठी, असा प्रश्न त्याला पडतो. त्याचे उत्तर पुलाच्या रचनेत दडलेले आहे.

लोखंडी पुलाची तुळई, म्हणजेच गर्डर, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर बेअरिंगच्या आधाराने टेकविलेली असते. वरून येणारा गाडीचा भार पेलण्यासाठी तिची रचना केलेली असते. बाजूने बसणारा हादरा सोसण्याची तिची क्षमता त्या मानाने कमी असते. भरधाव ट्रकच्या धडकेने ती काही सेंटिमीटर जरी सरकली, तरी तिच्यावरील रुळांची सरळ रेषा मोडते. दगडी कमानीच्या पुलात दगड निखळण्याचा धोका असतो. हे नुकसान इंजिनाच्या चालकाला लांबून दिसत नाही.

सिग्नल यंत्रणाही अशा वेळी पुरेशी ठरत नाही. रुळांतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावरून पुढे गाडी उभी आहे का, हे यंत्रणेला कळते. रूळ पूर्ण तुटला, तर तेही बहुधा समजते. मात्र रूळ न तुटता नुसता वाकला, तर सिग्नल हिरवाच राहू शकतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात 22 सप्टेंबर 1993 रोजी नेमके हेच घडले. दाट धुक्यात वाट चुकलेल्या मालवाहू बार्जची रेल्वे पुलाला धडक बसून तुळई सरकली. रूळ वाकले, पण तुटले नाहीत. काही मिनिटांतच तेथे पोहोचलेली 'सनसेट लिमिटेड' ही गाडी पाण्यात कोसळून 47 जणांना प्राण गमवावे लागले. धडक जलवाहनाची असली, तरी धोका तोच होता.

म्हणूनच धडकेची खबर मिळताच गाड्या थांबविणे हा एकच सुरक्षित मार्ग उरतो. स्टेशन मास्तर आणि नियंत्रण कक्ष यांना सूचना जाते. अभियंते तुळई, बेअरिंग आणि रुळांची पातळी तपासतात. पूल सुस्थितीत असल्यास वाहतूक सुरू होते. शंका असल्यास चालकाला 'कॉशन ऑर्डर' देऊन गाडी अगदी मंद गतीने सोडली जाते.

एकेरी मार्गाची अडचण

मराठवाड्यात या विलंबाची झळ अधिक बसते. मनमाड ते छत्रपती संभाजीनगर हा मार्ग वर्षानुवर्षे एकेरी राहिला. अंकाईपर्यंतच्या दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली असली, तरी ज्या टप्प्यावर एकच रूळ आहे, तेथे समोरून येणाऱ्या गाडीला लासूर, रोटेगाव अशा स्थानकांत क्रॉसिंगसाठी थांबावे लागते. एक गाडी अर्धा तास रखडली, की तिची वाट पाहणारी दुसरी, तिच्यामागची तिसरी, असा विलंब वाढत जातो. मनमाडला मुख्य मार्गावर ठरलेली वेळ हुकली, तर मुंबईच्या प्रवाशांना आणखी तिष्ठावे लागते.

धडक बसते कशामुळे?

नांदेड विभागातील हा लोहमार्ग निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास सुरू झाला. त्या काळी पुलाखालून बैलगाडी सुटली तरी पुरेसे होते. आज वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमधून कंटेनर रस्त्यावर येतात. साध्या कंटेनरची उंची 8 फूट 6 इंच, तर 'हाय क्यूब' कंटेनरची 9 फूट 6 इंच असते. चालकाला सवय एकाची आणि पाठीवर दुसरा, एवढा एक फुटाचा फरक अपघाताला पुरतो. कडबा, कापूस यांचा फाळक्याबाहेर रचलेला भार आणि उचललेला हौदा खाली न घेता निघालेले डंपर, हीही कारणे आहेतच.

काही कारणे सहजासहजी लक्षात येत नाहीत. डांबराचा नवा थर चढला की रस्ता उंचावतो, पुलाखालची मोकळी जागा घटते. फलकावरील आकडा मात्र जुनाच राहतो. माल उतरविलेला ट्रक भरलेल्या ट्रकपेक्षा किंचित उंच असतो, त्यामुळे जाताना सुटलेले वाहन परतताना अडकू शकते. भुयारी मार्गाच्या उतारात लांब ट्रेलरची पुढची आणि मागची चाके चढावर असताना मधला भाग छताच्या अधिक जवळ येतो.

लोखंडी कमानीचे काम

ब्रॉडगेजवरील मानवरहित फाटके जानेवारी 2019 पर्यंत बंद करण्यात आली. अनेक ठिकाणी त्यांच्या जागी मर्यादित उंचीचे भुयारी मार्ग झाले. अशा मार्गांपूर्वी उभारलेली लोखंडी कमान, म्हणजेच 'हाइट गेज', वाहनचालकांना त्रासदायक वाटते. परंतु पुलाचा घाव स्वतःवर घेण्यासाठीच ती असते. विद्युतीकरण झालेल्या मार्गावरील फाटकांवर तिचे महत्त्व आणखी वाढते, कारण वरच्या तारेत 25 हजार व्होल्टचा दाब असतो.

ही समस्या केवळ आपल्याकडचीच नाही. ब्रिटनमध्ये 2022-23 या वर्षात रेल्वे पुलांना दीड हजारांहून अधिक धडका बसल्या. अमेरिकेतील डरहॅम येथील कुप्रसिद्ध पूल 2019 मध्ये आठ इंचांनी उंच करण्यात आला, तरीही धडका पूर्णपणे थांबल्या नाहीत.

खबर देणे महत्त्वाचे

निष्काळजीपणाने रेल्वे प्रवाशांचा जीव धोक्यात आणल्यास रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 154 नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या भीतीने ट्रक मागे घेऊन पळ काढणारा चालक मूळ चुकीपेक्षा मोठा धोका मागे ठेवून जातो. कारण खबर मिळाली नाही, तर पुढची गाडी ठरलेल्या वेगानेच त्या पुलावर येते. धडक पाहणाऱ्या नागरिकाने पुलावर रंगविलेला क्रमांक किंवा लगतच्या खांबावरील किलोमीटरचा आकडा टिपून रेल्वेच्या 139 या क्रमांकावर अथवा जवळच्या स्थानकात तातडीने कळविल्यास तपासणीत वेळ वाया जात नाही. पूल सुरक्षित ठरला, तर गाडीला झालेला उशीर एवढेच नुकसान होते. ते केव्हाही परवडणारे आहे.