घरात प्रत्येकाला वेगळा डाइव्ह कॉम्प्युटर

तारकर्लीत परवा एक कुटुंब भेटलं. आई-बाबा आणि अकरा वर्षांची लेक, तिघंही स्कूबा शिकताहेत. त्यांनी विचारलं, तिघांत एक डाइव्ह कॉम्प्युटर चालेल का?

नाही चालणार! तो खोली आणि वेळ मोजून शरीरात किती नायट्रोजन साठला, याचा हिशोब मांडतो. कोर्सनंतर बाबा १८ मीटरपर्यंत जातील. लेकीला या वयात पॅडी या डाइव्हिंग प्रशिक्षण संस्थेची मर्यादा १२ मीटर. दुसऱ्या डाइव्हला आधीचा साठाही धरला जातो, म्हणून अदलाबदलही नको.

शक्यतो सगळ्यांना एकच मॉडेल घ्या. जोडीदाराचे आकडे पाण्यात पटकन वाचता येतात. चाळिशी लागली असेल तर आकडे मोठेच हवेत. सिलिंडरमधला दाब मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर आत्ता नको. आधी गेज पाहायची सवय लागू दे.

तुमचं बजेट सांगा, मॉडेल सुचवतो.