पक्षाघात : स्वस्त उपाय, महाग उपेक्षा

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे डोके एकाएकी विलक्षण दुखू लागले आणि अवघ्या काही तासांत त्यांचा अंत झाला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्यांचा रक्तदाब फार वाढलेला असल्याचे वर्षभर आधीच निदर्शनास आले होते. परंतु तो सुरक्षितपणे आटोक्यात ठेवील असे औषध त्या काळी महासत्तेच्या प्रमुखालाही उपलब्ध नव्हते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो वापरतो आणि त्याचा साठा त्याच्यापाशी नसतो. म्हणूनच रक्तवाहिनी गुठळीने तुंबली किंवा फुटली, की तेथील पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. हाच पक्षाघात होय. मेंदूचा डावा भाग शरीराच्या उजव्या बाजूचे नियमन करतो आणि बहुतेकांच्या वाचेचे केंद्रही तेथेच असते. त्यामुळे डावीकडे आघात झाल्यास उजवे हातपाय लुळे पडतात आणि पुष्कळदा वाचाही जाते.

गुठळी विरघळविणारे औषध अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झाले. मात्र ते सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि तत्पूर्वी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री करून घ्यावी लागते. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळू लागले, की ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणून तेल चोळीत बसण्यात गेलेला वेळ भरून येत नाही. दुर्गम वाडीवस्तीवरील रुग्णाच्या वाट्याला तर हा अवधी क्वचितच येतो.

झटक्यातून वाचलेल्या रुग्णाच्या घरातील मिळवता हात थांबतो. त्याच्या शुश्रूषेसाठी पत्नीची मजुरी बुडते, मुलीची शाळा सुटते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या शुश्रूषेची नोंदही होत नाही. उलट, पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण असलेला उच्च रक्तदाब आज स्वस्त गोळ्यांनी आटोक्यात राहू शकतो. केंद्र शासनाने २०१७ मध्ये त्यासाठी सुरू केलेल्या उपक्रमाच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. अशा उपक्रमाचे यश किती जणांचा रक्तदाब मोजला यावर नव्हे, तर गोळी किती जणांना दरमहा, न चुकता मिळाली यावर जोखले पाहिजे. आरोग्य केंद्रातील रिकाम्या कपाटाने वाचविलेला पैसा ही काटकसर नव्हे. ते गरीब कुटुंबाच्या नावावर चढविलेले कर्ज आहे.