एरियल ओढून मीडियम वेव्ह लागत नाही

चारठाण्यासारख्या गावात मीडियम वेव्हवर लांबची स्टेशनं धरण्याचा नाद कुणाला लागला, की पहिला सल्ला ठरलेला असतो: एरियल पूर्ण ओढ आणि रेडिओ माळवदावर ने. माळवदाचं खरं आहे, एरियलचं नाही. बहुतेक ट्रान्झिस्टरांची ती चकचकीत दांडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. मीडियम वेव्हचा एरियल पेटीच्या आत दडलेला असतो. तो म्हणजे फेराइटची काळपट कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेढे.

या कांडीला दिशा कळते. तिची कूस स्टेशनकडे असली की आवाज भरतो, टोक तिकडे वळलं की पडतो. कांडी सहसा पेटीच्या लांबीत बसवलेली असते, त्यामुळे रेडिओचं तोंड किंवा पाठ स्टेशनकडे करायची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. जिंतूर तालुक्यातल्या या गावाहून नागपूर ईशान्येला आणि हैदराबाद आग्नेयेला, म्हणजे दोघं जवळपास काटकोनात. नागपूरसाठी लावलेला सेट पाव फेरा फिरवला की तो हैदराबादसाठी लागतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन स्टेशनं एकमेकांत घुसत असतील, तर नको त्याच्याकडे कांडीचं टोक वळवायचं. नवशिक्यानं पहिल्या आठवड्यात काही शिकायचं असेल तर हेच. महागडा सेट नंतर घेता येतो.

दुपारी काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून ‘आता काहीच लागत नाही’ म्हणणारेही बरेच. दिवसा मीडियम वेव्ह जमिनीच्या अंगानं जाते. परभणीच्या १३०५ किलोहर्ट्झसारखं जवळचं केंद्र ऐकायला तेवढं पुरतं. आकाशाकडे गेलेल्या लहरी मात्र ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा ‘डी’ थर शोषून घेतो. हा थर सूर्याच्या जिवावर टिकतो. कडूसं पडलं की तो विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरांवरून परत फिरून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. असा परावर्तक थर असावा, हा अंदाज केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ मध्ये बांधला. १९२४ मध्ये ॲपलटन यांनी तो प्रयोगानं दाखवला आणि त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं. म्हणून ऐकायला बसायचं ते दिवेलागणीनंतर, नाहीतर पहाटे झुंजूमुंजू व्हायच्या आत. हिवाळा सगळ्यात चांगला: रात्र मोठी आणि विजांची खरखर कमी. वळवाचे दिवस सुरू झाले, की दूरच्या ढगांचा प्रत्येक कडकडाट रेडिओत उतरतो.

शहरात सगळंच जास्त चांगलं मिळतं, ही समजूत इथे पार उलटी ठरते. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर या सगळ्यांतून मीडियम वेव्हवर गुरगुर पसरते आणि दाट वस्तीत तिच्यापासून सुटका नसते. चारठाण्यात शिवारात थोडं बाहेर गेलं की ती ओसरते. लाइट गेलेली असेल तर विचारूच नका! ज्या तासाला गाव वैतागतं, त्या तासाला सेलवर चालणाऱ्या रेडिओचा पट्टा स्वच्छ होतो. ती वेळ दवडू नये.

बिनाका गीतमाला ऐकलेल्या पिढीला वाटतं, की सिलोन लागायचं ते याच पट्ट्यावर. १९५२ पासूनची ती गीतमाला भारतभर पोचली शॉर्टवेव्हवरून. शॉर्टवेव्हही मीडियम वेव्हसारखी एएमच, पण तिचा पट्टा वेगळा आणि वागणंही वेगळं. रेडिओला परवाना लागतो, ही तशीच मागे राहिलेली समजूत. पूर्वी पोस्टात पैसे भरून लायसन काढावं लागे, आता ऐकायला काही लागत नाही. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, म्हणून स्वतः प्रक्षेपण करायचं असेल तरच परीक्षा आणि परवाना.

‘मीडियम वेव्ह बंदच झाली’ यात अर्धंच तथ्य आहे. आकाशवाणीनं बरेच जुने ट्रान्समीटर बंद केले, त्यामुळे जुन्या यादीवर विसंबू नये. पण देशात ३५ च्या आसपास मीडियम वेव्ह ट्रान्समीटरांना डीआरएम या डिजिटल पद्धतीची जोड मिळाली. साध्या सेटवर डीआरएम म्हणजे सलग फसफस. ती ऐकून सेट बिघडला असं समजून दुरुस्तीला नेऊ नये.

कोणतं स्टेशन लागलं ते ठरवायला एक झकास खूण आहे. आपल्याकडे मीडियम वेव्हची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली आहेत आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सीला ९ नं भाग जातो. परभणी १३०५, नागपूर ५८५, हैदराबाद ७३८, पुणे ७९२: यातल्या कुठल्याही फ्रिक्वेन्सीचे आकडे मिळवून पाहा, बेरीज ९ किंवा १८ येते. अमेरिकेत हे अंतर १० चं. त्यामुळे तिकडून आलेल्या डिजिटल सेटमध्ये ९ ची सोय आहे ना, हे आधी पाहावं.

आकडा जुळला म्हणजे स्टेशन ओळखलं, असं मात्र नाही. निवेदकानं केंद्राचं नाव घेईपर्यंत थांबायचं आणि मगच वहीत नोंद करायची: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, ऐकलेला मजकूर आणि सिन्पो, म्हणजे आवाजाच्या दर्जाचे पाच आकडे. हीच नोंद केंद्राला पाठवली आणि ती खरी ठरली, तर पोच म्हणून केंद्राचं क्यूएसएल कार्ड येऊ शकतं. परदेशी केंद्राला लिहिताना जागतिक वेळ द्यायची, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे. रात्री साडेआठला ऐकलेलं तिथे १५.०० असं लिहायचं.