लाखभर किलोमीटर धावलेली विजेची मोटार : गॅरेजात नेण्याआधी

ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर विजेच्या चारचाकींना टोलमाफी मिळाली. सप्टेंबरात न्हावा शेवा बंदरात बॅटरी बदलता येणारे ५० विजेचे ट्रक आले. टॅक्सीत लाखभर किलोमीटर धावलेली विजेची मोटार जुन्या बाजारात स्वस्तात मिळते. पण पोटासाठी घेतलेली अशी गाडी दोन दिवस उभी राहिली की हप्ता थकतो. त्यात कोणी "मोठी बॅटरी गेली" म्हणाले की घरात सोने गहाण ठेवायची भाषा सुरू होते.

कोणी सांगतो म्हणून खरे मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. गॅरेजातही तसेच वागावे.

सकाळी गाडी सुरूच होत नाही, पडद्यावर एकदम चार-पाच इशारे लागतात. अशा वेळी पहिला संशय १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर घ्यावा. साध्या मोटारीत असते तशीच ही बॅटरी. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. आपल्याकडे खाऱ्या हवेने तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. गाडी पूर्ण बंद करून, निगेटिव्ह वायर आधी सोडून टोके घासावीत, वर थोडे व्हॅसलीन लावावे. तरीही व्होल्टेज टिकत नसेल तर ही बॅटरी बदलावी. खर्च हजारांत होतो, लाखांत नव्हे.

घरी चार्जर लावला की लाल दिवा लागतो, ही दुसरी तक्रार. पुष्कळदा दोष गाडीचा नसून घराच्या अर्थिंगचा असतो. जुन्या घरांत तिसरी वायर नावालाच असते. वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. अर्थिंग नसतानाही चार्जिंग चालू करून देणारा जुगाडी प्लग बाजारात मिळतो, तो मात्र कदापि घेऊ नका. गाडीच्या पत्र्यात वीज उतरली तर शेजारी खेळणारे पोर दगावेल. एक्स्टेन्शन बोर्डही नको.

विजेच्या गाडीत पाय काढताच मोटारच वेग कमी करते, त्यामुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि डिस्कवर गंज धरतो. पावसाळ्यात करकर ऐकू आली तर मोकळ्या रस्त्यावर चार-सहा वेळा ब्रेक नीट दाबून पाहावेत. आवाज राहिलाच तर मिस्त्रीला दाखवावे. करळ फाटा, गव्हाण फाट्याच्या कंटेनर-रस्त्यावर बुश आणि लिंक रॉडही ढिले होतात. इंजिनाचा आवाज नसल्याने ही खडखड जास्तच कानावर येते, एवढेच!

पल्ला कमी झाला तर आधी टायरची हवा पाहा. एलएफपी बॅटरी असेल तर अधूनमधून सावकाश चार्जरवर पूर्ण १०० टक्के भरा, नाहीतर टक्केवारी चुकीची दिसते. तरीही फरक पडला नाही तर कंपनीच्या वर्कशॉपमधून बॅटरीच्या तब्येतीचा लेखी अहवाल मागा. अनेक गाड्यांना ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची बॅटरी वॉरंटी असते. ती आपल्या नावावर झाली आहे का, हे जुनी गाडी घेतानाच विचारावे.

नारिंगी रंगाच्या वायरींना मात्र हात लावू नये. ते काम प्रशिक्षित माणसाचेच.