आपली गाडी, आपले हात – भाग ७ : ब्रेक ओरडतात तेव्हा

गेल्या आठवड्यात आपण टायरची नक्षी आणि हवा तपासली. आता तेच चाक उतरवून आत डोकावायचं आहे. ब्रेक चीं चीं करू लागले की तेलाचा फवारा मारण्याचा सल्ला कोणीतरी देतोच. तो कधीही ऐकू नका. ब्रेक घर्षणावर चालतात. तेल लागलं तर आवाजाबरोबर ब्रेकही जातील. आवाज बंद करण्याआधी तो का येतो हे शोधायचं, एवढं एक पथ्य पाळलं की अर्धं काम झालं.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पेडल दाबलं की कॅलिपरचा पिस्टन दोन पॅड बिडाच्या फिरत्या डिस्कवर आवळतो. पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. ही थरथर सेकंदाला हजाराच्या वर गेली की तीच किंचाळी होऊन कानावर येते. फळ्यावर खडू करकरतो तोही असाच, आणि खडू मोडून आखूड केला की गप्प होतो. पॅडच्या पाठीवरची पातळ शिम आणि कडांना दिलेला उतार थरथर मारण्यासाठीच असतात. हे दुखणं डिस्क ब्रेकइतकंच जुनं आहे. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा त्यांच्या तांब्याच्या अस्तराचा कर्कश आवाज हीच मोठी अडचण होती.

आधी ऐका

काचा खाली करा, रेडिओ बंद करा आणि मोकळ्या रस्त्यावर सावकाश गाडी चालवा.

सकाळी पहिले दोन-चार ब्रेक मारताना खरखर होऊन थांबत असेल तर काळजी नको. पावसात किंवा गाडी धुतल्यावर डिस्कवर रात्रीत गंज धरतो आणि पॅड तो पुसून काढतात.

ब्रेक न मारताही बारीक शिट्टी येते आणि पेडल दाबल्यावर बदलते किंवा थांबते? मग पॅड संपत आले आहेत. बऱ्याच पॅडना पोलादाची एक छोटी पट्टी असते. अस्तर दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला घासून इशारा देते.

ब्रेक हलके मारताना चीं चीं होत असेल तर धूळ, सुकलेलं ग्रीस किंवा गुळगुळीत झालेले पॅड यांचा संशय घ्या. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड तापून काचेसारखे चकचकीत होतात. म्हणून उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी.

पत्रा घासल्यासारखा सततचा आवाज बहुधा डिस्क आणि मागच्या पत्र्यात अडकलेल्या खड्याचा असतो. पण ब्रेक मारताना लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर ऐकू आली तर गाडी तिथेच थांबवा. अस्तर संपलेलं असू शकतं.

मग उघडा

सपाट, टणक जमीन निवडा. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि मागच्या चाकांना ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जॅक लावल्यावर खाली स्टँड हवाच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नका. मास्क लावा आणि ब्रेकची धूळ फुंकरीने किंवा हवेने उडवू नका. जुन्या गाड्यांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे. ब्रेक क्लीनरचा फवारा मारून धूळ ओली करूनच पुसा.

आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड पाहा. बाहेरचा जाड आणि आतला झिजलेला असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या असण्याची शक्यता मोठी. अस्तर तीन मिलिमीटरपर्यंत आलं असेल, तडकलं असेल किंवा त्याला तेल लागलं असेल तर पॅड बदला, तेही दोन्ही चाकांचे एकदम. डिस्कवर नखाला लागतील असे खोल चरे असतील तर तीही मेकॅनिकला दाखवा.

बऱ्याच गाड्यांत कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की तो वर उचलता येतो. पूर्ण सुटला तर तारेने बांधा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. कॅलिपर उघडा असताना पेडल कोणीही दाबायचं नाही. पॅड चांगले पण चकचकीत असतील तर ओल्या पॉलिश पेपरने हलके घासा. पिना पुसून त्यांना खास ब्रेकचं, उष्णता सोसणारं ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. तेच ग्रीस पॅडच्या पाठीला आणि टोकांना अगदी पातळ लावा. अस्तराला किंवा डिस्कला त्याचा थेंबही लागता कामा नये.

नवे, जाड पॅड बसवताना पिस्टन सावकाश आत ढकलावा लागतो. त्या वेळी ब्रेक ऑइलच्या डबीकडे लक्ष ठेवा. ऑइल वर चढून सांडलं तर रंग खातं.

चाक बसवून नट समोरासमोरचे आवळा, गाडी जमिनीवर आल्यावर पुन्हा घट्ट करा. मग गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागणारच नाही. नवे पॅड असतील तर रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत वेग हळूहळू आणा आणि मध्ये थंड होऊ देत असं आठ-दहा वेळा करा.

पेडल मऊ लागत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, ऑइल गळत असेल किंवा आवाज मागच्या ड्रममधून येत असेल तर काम मेकॅनिकवर सोपवा. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे पॅडही घरी काढू नका. पण तिथे जाताना आवाज कधी, कसा आणि कुठल्या चाकातून येतो ते सांगा. तुम्ही नेमकं सांगितलंत की तोही नेमकंच उघडेल, आणि तुमचा नको तो खर्च टळेल.

पुढील भागात : बॅटरीचे टर्मिनल आणि सकाळी सुरू न होणारी गाडी.