वेग आणि तोल : हलक्या शिडाच्या होडीचे शास्त्र

शिडाच्या होडीला पुढे नेणारा वारा त्याच वेळी तिला कलंडवतही असतो. म्हणूनच हलकी होडी रचताना वेग आणि तोल यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

तोल साधण्याचा सरळ मार्ग म्हणजे रुंदी. लांबी तीच ठेवून पाण्याच्या पातळीवरील रुंदी दुप्पट केली, तर कलण्याला होणारा आकाराचा विरोध सुमारे आठपट होतो. मात्र पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढल्याने घर्षणही वाढते. दुसरा मार्ग नीरमाचा, म्हणजे तळाशी घातलेल्या वजनाचा. पण त्याने होडीचा हलकेपणाच जातो. त्यामुळे लहान होड्यांत खलाशी स्वतः काठाबाहेर झुकून चालते नीरम बनतात.

वेगाची मुख्य अडचण लाटेची आहे. वेग वाढतो तशी होडीने उठवलेली लाट लांबते. ती होडीइतकी लांब झाली, की होडी जणू स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते. पाण्यालगतची लांबी १६ फूट असल्यास ही मर्यादा सुमारे ५.४ नॉट, म्हणजे ताशी १० किलोमीटर येते.

ती ओलांडण्याची वाट इंग्लंडमधील रचनाकार उफा फॉक्स यांच्या १९२८ सालच्या १४ फुटी ‘अव्हेंजर’ने ठळकपणे दाखवली. पुढे इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा आणि मागे सपाट होत गेलेला तळ पुरेसा वारा मिळताच होडीला उचलून पाण्यावरून घसरत नेतो.

दुसरी वाट जोडहोडीची. दोन निमुळती धडे लाटा कमी उठवतात आणि त्यांतील अंतर तोल देते. एका बाजूला तरंगता ओंडका जोडून तोल साधणारी कोकणातील उलांडीची होडी याच तत्त्वावर चालते. परंतु जोडहोडी पूर्ण उलटली, की उलटीही तितकीच स्थिर राहते. ९ मे २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात सरावादरम्यान ७२ फुटी जोडहोडी उलटून मोडली आणि ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेते ब्रिटिश नौकापटू अँड्र्यू सिम्पसन यांचा मृत्यू झाला.

म्हणून आराखडा पारखताना केवळ कमाल वेग पाहून भागत नाही. नाळ लाटेत घुसल्यावर तिला वर उचलण्याइतकी तरंगशक्ती पुढच्या भागात आहे का, बंदिस्त हवेचे कप्पे पुरेसे आहेत का आणि उलटलेली होडी खलाशांना पुन्हा सरळ करता येते का, हे प्रश्न वेगाआधी विचारले पाहिजेत.